चिओफीचा वाकडा पिझ्झा

चिओफीच्या दुकानासमोर हल्ली रांग लागते. बोस्टनहून, न्यूयॉर्कहून माणसं गाड्या काढून न्यू हेवनला येतात, फुटपाथवर ताटकळत उभी राहतात आणि पिझ्झा पुढ्यात आला की खाण्याआधी त्याचा फोटो काढतात. कारण तो गोल नसतो. एका अंगाला फुगलेला, दुसऱ्या अंगाला ओढून लांबवलेला, असा तिरपागडा असतो. परवा एक शहाणा बायकोला सांगत होता की हा इटलीतल्या आमाल्फीच्या किनाऱ्याचा नकाशा आहे, जुने कारागीर मुद्दाम तसा काढायचे. शेजारच्या टेबलावर गल्लीतले दोन म्हातारे बसले होते. त्यांनी माना डोलावल्या आणि आपला घास चावत राहिले. शहाण्याला कोण समजावणार?

तो आकार एका मोडक्या मनगटाचा आहे. मनगट आनिएल्लो चिओफीचं, आणि ते मोडलं त्याच्या सख्ख्या आईनं.

तिचं नाव नुन्झियाता. आमाल्फीला लिंबांच्या टोपल्या पाठीवर घेऊन डोंगर उतरणाऱ्या बायांमधली ती. बुटकी, खांद्यानं रुंद, बोलायला कमी. भट्टीसमोर उभं राहून राहून तिच्या भुवया जळाल्या त्या परत कधी नीट उगवल्या नाहीत. नवरा साबातो तिच्या अगदी उलट. शेवग्यासारखा उंच, आणि जिभेला हाड नावाची गोष्ट नाही. न्यू हेवनला आल्यावर दोघांनी मिळून या दुकानाची भट्टी बांधली. सकाळी पाव, दुपारनंतर टोमॅटोचा पिझ्झा, वर किसलेलं चीज आणि खारवलेली मासळी. रविवारी गल्लीतल्या बाया आपापली मांसाची भांडी आणून भट्टीत ठेवत आणि चर्चहून परतताना घेऊन जात. भट्टी कोळशाची, आणि सगळं दुखणं त्या कोळशाचंच.

गल्लीत कोळसा घालायचा क्रेशेन्झो मोत्तोला. घालायचा म्हणजे, दुसऱ्या कुणी घालायचा नाही. ज्यानं घातला त्याच्या घोड्याच्या पायाच्या शिरा कापल्या गेल्या, आणि ज्यानं दुसऱ्याकडून घेतला त्याच्या दुकानाच्या काचा फुटल्या. माणूस देखणा, मिशीला तेल, बोलणं मऊ. त्याच्या कोळशात निम्मा दगड असायचा. घरच्या शेगडीला ते चालून जातं, पिझ्झाच्या भट्टीला नाही. भट्टी तापली नाही तर पिझ्झा भाजत नाही, नुसता वाळतो.

आमच्या संताच्या, सांत आंद्रेआच्या, जत्रेच्या दिवशी, मूर्ती खांद्यावर घेतलेली माणसं दुकानासमोर थांबलेली असताना, साबातोनं दगड मिसळलेल्या कोळशाची टोपली सगळ्या गल्लीदेखत क्रेशेन्झोच्या बुटांवर उपडी केली.

"घरी ने," तो म्हणाला. "बायकोला म्हणावं, या दगडांचं सूप कर. पोटात गेले तर तुला जरा वजन येईल."

माणसं हसली. तिथंच चुकलं. कोळसा क्रेशेन्झोनं माफ केला असता, ते हसू नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो दुकानात आला. साबातो भट्टीच्या तोंडाशी वाकला होता. क्रेशेन्झोनं त्याला मागून मिठी मारल्यासारखं धरलं आणि सुरा बरगडीखालून वर घातला, मग फिरवला, मग पुन्हा घातला. साबातो पुढं कोसळला तो उजवा हात खांद्यापर्यंत भट्टीत घालून. नुन्झियाता मागच्या खोलीतून धावत आली तेव्हा क्रेशेन्झो सुरा पावाच्या फडक्याला पुसत होता. तिला सातवा महिना होता. तिनं नवऱ्याला कमरेला धरून बाहेर ओढलं, हाताची कातडी भट्टीच्या विटेला चिकटून राहिली. तो मांसाचा वास तिच्या नाकातून पुढं मरेपर्यंत गेला नाही. पिठाच्या पोत्यांमागं सहा वर्षांचा आनिएल्लो उभा होता आणि त्यानं तोंडात स्वतःची मूठ कोंबली होती.

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. चौघांनीही पोलिसांना सांगितलं, "आम्ही पिझ्झाकडे बघत होतो."

आमच्यात पोलिसांना नाव सांगत नाहीत. ते काम पोलिसांचं नसतंच मुळी. मेलेल्याचा सदरा ठेवतात, न धुता. मुलगा मोठा झाला की त्याच्यासमोर तो पसरतात. पुढं काय करायचं ते कुणी सांगत नाही, सांगावं लागत नाही. साबातोचा सदरा त्याच्या थोरल्या बहिणीनं, व्हिचेन्झानं, प्रेतावरून काढला, रक्त आत राहील अशी घडी घातली आणि आपल्या पेटीत ठेवला.

"आनिएल्लो अठराचा झाला की देईन," ती भावजयीला म्हणाली.

"जाळून टाका, वन्सं," नुन्झियाता म्हणाली.

"जीभ झडेल तुझी."

क्रेशेन्झोलाही हा रिवाज ठाऊक होताच. तोही आमच्यातलाच. पुढच्याच रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्यानं आनिएल्लोच्या डोक्यावर हात ठेवला, केस मागं सारले, कपाळ नीट पाहिलं.

"अगदी बापाच्या वळणावर गेलाय," तो सोबतच्या माणसांना म्हणाला. "अशी रोपं कोवळी असतानाच उपटावीत. मग मुळं खोल जातात."

नुन्झियाता दोन पायऱ्या खाली उभी होती. त्या क्षणापासून तिला दुसरं काही सुचेना. पोरगा वाचला पाहिजे. आज क्रेशेन्झोच्या हातून, आणि उद्या मोठा झाल्यावर त्या सदऱ्यापासून. पळून जावं तर कुठं, क्रेशेन्झोचे भाऊबंद प्रत्येक शहरात. लढावं तर कशानं, पोटात पोर आणि पदरात पोर. मग तिनं जे केलं ते गल्लीला उभ्या जन्मात पचलं नाही.

ती न्हाव्याच्या दुकानात गेली. बाईमाणूस तिथं पाऊल ठेवत नसे. काळा पोशाख, पुढं आलेलं पोट, आणि क्रेशेन्झो खुर्चीत मान मागं टाकून, तोंडाला फेस, गळ्यावर वस्तरा. भोवती त्याची माणसं पत्ते खेळत होती.

"क्रेशेन्झो," ती म्हणाली, "महिन्या-दीड महिन्यात मी बाळंत होईन. मूल बाप्तिस्म्याला तू धर."

न्हाव्याचा हात जागच्या जागी थांबला. पत्ते थांबले.

"अक्कल गहाण टाकलीस का गं?" क्रेशेन्झो फेसातून म्हणाला.

"नाही म्हण. एवढी माणसं आहेत, त्यांच्यासमोर म्हण. क्रेशेन्झोनं सान जोव्हानीला नाही म्हटलं म्हणून सांगतील."

ज्यानं मूल धरलं तो मुलाच्या घराचा कुंपारे झाला, आणि मुलाची आई त्याची कुम्मारे. ती गाठ बाप्तिस्म्याच्या संताची, सान जोव्हानीची. सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठतील, कुंपारे उठणार नाही. दोन्ही घरांचे सुरे म्यानात जातात ते कायमचे. आणि मागायला आलेल्याला नाही म्हणणं म्हणजे संताच्या तोंडावर थुंकणं. क्रेशेन्झोनं माणसं मारली होती, पण संताला तो टरकून असे. त्याचा गळा हलला आणि वस्तऱ्याखाली रक्ताचा बारीक थेंब आला.

"पोरगी झाली तरी?" तो म्हणाला.

"पोरगी झाली तरी."

"धरीन."

पोरगीच झाली, साबातिना. नुन्झियातानं तिला त्या हातांत दिलं तेव्हा ती त्याच्या नखांकडे बघत होती. नखं स्वच्छ होती. बाहेर पायऱ्यांवर व्हिचेन्झा उभी होती. ती भावजयीच्या तोंडावर थुंकली, दोनदा, आणि नुन्झियातानं ते पुसलंही नाही, कारण कडेवर पोर होती.

पुढची वर्षं कशी गेली म्हणाल, तर अशी: दर गुरुवारी क्रेशेन्झो दुकानात येई, भिंतीकडे पाठ करून बसे आणि पिझ्झा मागवी. कुंपारेचा हक्कच तो. ती त्याला वाढी. ईस्टरला त्याच्या घरी गव्हाचा केक धाडी, आणि त्याची कणीक तिंबताना अशा मुठी आपटी की शेजारीण भिंतीपलीकडून विचारी, "कुणाला मारतेयस गं?" लोक म्हणत, बाई घाबरली. काही म्हणत, घाबरली नाही, निर्लज्ज झाली. कुणाच्या तोंडाला हात लावायचा? आनिएल्लो मोठा होत होता, आणि तेवढंच तिला हवं होतं. भट्टीवर त्याचा हात बसला होता. पीठ हवेत उडवून झेलायचा तो, आणि त्याचा पिझ्झा बशीसारखा गोल. बापाची जीभही होती त्याला. गिऱ्हाईकं हसत.

अठरावं लागलं त्या दिवशी आत्यानं त्याला जेवायला बोलावलं. नुन्झियातानं जाऊ नको म्हटलं. तो म्हणाला, "आत्यानं मॅकरोनी केलीय, विष नाही घालणार." परत आला तेव्हा हसत नव्हता. त्यानं हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तिला कळलं की सदरा पसरला गेला.

गुरुवारी क्रेशेन्झो आला. आता केस पिकलेले, मिशीला मात्र तेल तेच. दुकान भरलं होतं. नुन्झियाता लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं भट्टीतून पिझ्झा काढत होती. आनिएल्लोनं पिझ्झा कापायचा सुरा उचलला आणि तो टेबलांमधून चालू लागला. सुरा त्यानं मांडीशी लपवलाही नव्हता.

क्रेशेन्झोनं बघितलं. दोन्ही हात उघडे करून टेबलावर ठेवले.

"ये," तो म्हणाला. "मी बोट उचलणार नाही. मला तुझ्या आईनं बांधलंय. पण तू हात उचललास तर गाठ तुझ्या बाजूनं सुटली. मग माझी पोरं मोकळी झाली. आधी तू, मग ती," आणि त्यानं गल्ल्याशी बसलेल्या साबातिनाकडे हनुवटी केली.

"माझ्या बापाचा हात भाजला होता," आनिएल्लो म्हणाला. "मी बघितलंय. पोत्यामागं होतो मी."

"मला माहीत आहे तू होतास."

आनिएल्लोनं सुरा वर नेला. नुन्झियाताच्या फावड्यावर उकळत्या टोमॅटोचा पिझ्झा होता. तिनं तो तसाच सोडला, दोन ढांगांत पोचली आणि फावड्याची धार पोराच्या मनगटावर घातली. ओकचं लाकूड ते, आणि डोंगरावरून लिंबं वाहिलेले खांदे. हाड मोडल्याचा आवाज मागच्या टेबलापर्यंत गेला. सुरा पडला. तो ओरडला नाही. तो डाव्या हातानं सुरा उचलायला वाकला. तिनं पुन्हा मारलं, त्याच मोडक्या मनगटावर, ते जमिनीला टेकलेलं असताना. या वेळी तो ओरडला. मग तिनं सुऱ्यावर पाय ठेवला.

क्रेशेन्झो खुर्ची मागं सारून उठू लागला.

"कुंपारे," ती म्हणाली, "तुझा पिझ्झा खाली पडला. दुसरा टाकते. बस."

क्रेशेन्झो उठत होता, तो बसला. तिनं पिझ्झा लाटला, भाजला, त्याच्यापुढं ठेवला आणि तो शेवटचा तुकडा गिळेपर्यंत फावडं हातात धरून समोर उभी राहिली. पोरगा जमिनीवर कण्हत होता. खुन्याला घास गिळवेनात, पण त्यानं ते गिळले. तो गेल्यावर ती मागच्या अंगणात गेली आणि आतडी बाहेर येतील अशी ओकली.

इस्पितळात नेलं तर प्रश्न विचारतात, म्हणून हाडवैद्याकडे नेलं. मनगट जुळलं ते वाकडं. आनिएल्लोनं आईशी बोलणं टाकलं. दुकान सोडलं नाही, कारण दुकान बापाचं होतं. दोघं हाताच्या अंतरावर काम करत आणि तो म्हणे, "साबातिना, हिला सांग, मीठ संपलं." ती साबातिनालाच सांगे, "त्याला सांग, फळीवर आहे." गिऱ्हाईकांनाही सवय झाली. पीठ आता हवेत उडत नसे. वाकड्या हातानं तो ते ओढी तसं ते एका बाजूला जाई, आणि भट्टीत सोडताना मनगटाला झटका बसे की उरलंसुरलं गोलपणही जाई. आधी लोक कुरकुरले. मग म्हणू लागले, फुगलेल्या बाजूला मऊ, लांब बाजूला कुरकुरीत, एकात दोन. 'वाकडा दे' म्हणून मागू लागले.

ते ओकचं फावडं नुन्झियातानं टाकलं नाही. चांगलं होतं, टाकायचं कशाला? पण आनिएल्लोनं त्याला बोट लावलं नाही. त्यानं स्वतःसाठी दुसरं, छोटं आणलं.

व्हिचेन्झा गल्लीभर सांगत सुटली, "पोटच्या पोराचा हात मोडला आणि नवऱ्याच्या खुन्याला पिझ्झा वाढला. अशी आई सांत आंद्रेआ शत्रूलाही न देवो." आणि मग तिनं घरी जाऊन पेटी पुन्हा उघडली. तिलाही एक मुलगा होता, फियोरे. मासळीच्या गाडीवर काम करणारा, लाजाळू, गाताना मात्र मोठ्यानं गाणारा.

"सान जोव्हानीची गाठ तिच्या उंबऱ्याला," ती फियोरेला म्हणाली. "माझ्या उंबऱ्याला गाठ नाही. मामा तुझाच ना?"

पुढच्याच्या पुढच्या जत्रेत, मूर्ती चर्चच्या पायऱ्या उतरत असताना, फियोरेनं मासळीचा सुरा क्रेशेन्झोच्या गळ्यात खुपसला. एकदा खुपसून थांबला नाही. मासा साफ करतात तसा त्यानं तो खाली ओढला. रक्त मूर्तीच्या पायांवर उडालं. आणि अंगात त्यानं साबातोचा सदरा घातला होता, पोटाशी भोक असलेला, काळा कडक झालेला. तो पळाला नाही. पळतो तो चोर. शंभर माणसं पोलिसांना म्हणाली, "आम्ही संताकडे बघत होतो." पण फियोरेनं स्वतःच सगळं सांगितलं, मामाचं नाव, सदऱ्याची गोष्ट, अभिमानानं. न्यायाधीशालाही मामा असेल, त्याला समजेल, असं त्या वेड्याला वाटलं. आमचं सगळं पोरकटपण त्या एका गोष्टीत आलं.

क्रेशेन्झोच्या घरी चूल पेटायची नव्हती. सुतकाच्या घरी कुम्मारेनं जेवण पाठवायचं असतं. नुन्झियातानं सूप केलं, भात घातला, भांडं फडक्यात बांधून स्वतः पोचवलं. आनिएल्लोनं ते बघितलं आणि तो भट्टीत थुंकला.

फियोरेला फाशी झाली. आमच्या राज्यात तेव्हा माणसाला खाली सोडत नसत, दोरीच्या दुसऱ्या टोकाचं वजन पाडून त्याला वर खेचत. प्रेत गल्लीत आलं तेव्हा मान एवढी लांब झाली होती की व्हिचेन्झानं कॉलर लावायला घेतली आणि तिला जमेना. तिच्या घरीही चूल बंद. नुन्झियातानं पुन्हा सूप केलं, त्याच भांड्यात. दारात ठेवून आली. आत बोलावलं नाही कुणी.

मातीनंतरच्या शनिवारी, ऐन गर्दीत, व्हिचेन्झा दुकानात आली. ज्या दिवशी तिथं तिच्या भाच्याचा हात मोडला, त्या दिवसापासून ती त्या दारात आली नव्हती. हातात ते भांडं होतं, घासून लख्ख केलेलं. माणसं बाजूला झाली. तिनं भांडं ठेवलं आणि वळून न जाता सरळ गल्ल्याच्या मागं गेली, पिठात हात घालून उभ्या असलेल्या आनिएल्लोकडे. त्याचं वाकडं मनगट तिनं दोन्ही हातांत धरलं. उलटंसुलटं करून बघितलं. जिथं हाड वर आलं होतं तिथं अंगठा फिरवला, आणि मग ते गालाला लावलं. काळ्या कपड्यांवर पीठ सांडलं.

"ऊन आहे," ती म्हणाली. "नुन्झिया, ऊन आहे गं हा हात."

नुन्झियाता भट्टीशी उभी होती. तिनं मान डोलावली.

"जत्रेच्या आदल्या दिवशी फियोरे इथंच जेवून गेला होता," व्हिचेन्झा म्हणाली. "मला म्हणाला, मामीकडे वाकडा खाऊन आलो. तुझ्या हातात हे फावडं होतं ना तेव्हा?"

"होतं, वन्सं."

"माझ्याही पोराचा हात मोडायचास. दोन्ही मोडायचेस."

"मला ठाऊक नव्हतं हो."

"मला होतं," व्हिचेन्झा म्हणाली. "मीच दिला सदरा. मला ठाऊक होतं आणि माझ्या हातात फावडं नव्हतं." ती रडत नव्हती, मनगट मात्र सोडत नव्हती.

भट्टीतून करपल्याचा वास येऊ लागला. नुन्झियाताला तो आला, साबातो गेला त्या दिवशी आला होता तसाच. ओकच्या फावड्याचा दांडा तिनं दोन्ही मुठींत आवळला होता आणि मुठी सुटत नव्हत्या. बारा गिऱ्हाईकं बघत होती, या वेळी खरंच बघत होती.

आनिएल्लोनं आत्याच्या हातातून आपला हात अलगद सोडवून घेतला. आईजवळ गेला. साबातिना मधेच उभी होती, निरोप घ्यायला सवयीनं पुढं झाली, त्यानं तिला बाजूला सारलं.

"आई," तो म्हणाला, "फावडं दे."

तिनं दिलं. त्यानं ते वाकड्या हातानंच धरलं, भट्टीत घातलं आणि पिझ्झा बाहेर ओढला. एक कड करपून काळी झाली होती. ती त्यानं कापून टाकली आणि उरलेला, होता तसा वाकडा, दोघींच्या मधे ठेवला.